पान उलटताना हरवणारा कर्सर

१९९८ च्या पावसाळ्यात एका सहकारी बँकेच्या शाखेत मी आमचं पहिलं विंडोजवरचं सॉफ्टवेअर बसवायला गेलो होतो. खातं उघडण्याचा अर्ज कागदावर चार पानांचा होता, म्हणून आम्ही स्क्रीनवरही त्याची चार पानं केली होती: खातेदार, पत्ता, वारस आणि ओळख देणारा सभासद. एन्ट्रीला बसलेल्या बाईंच्या डाव्या हाताखाली अर्जांचा गठ्ठा होता, बोट चालू ओळीवर. उजवा हात न्यूमरिक पॅडजवळ. नजर कागदावरच, स्क्रीनकडे त्या दोन-चार ओळींनी एकदा बघायच्या. त्यांनी नाव टाइप केलं, एंटर मारलं आणि नुसतं नाव असलेला अर्ज सेव्ह झाला.

“सर, हे एंटर मारलं की सगळं सेव्हच होतंय.”

“मॅडम, आता एंटर नाही, टॅब मारायचा.”

त्यांनी डावा हात कागदावरून उचलून टॅबवर नेला, परत कागदावर आणला, ओळ शोधली. मग विचारलं, “मग कागद कोण धरणार?”

बहुपानी फॉर्म कीबोर्डवरून कसा चालावा, याचा विचार मी त्या दिवशी सुरू केला आणि अजून करतो आहे. टॅब कीबोर्डच्या डाव्या टोकाला आहे. न्यूमरिक पॅडचं एंटर उजव्या करंगळीखाली. पिनकोड, फोन, रक्कम, तारीख अशा आकड्यांच्या रांगेत उजवा हात एकटाच काम करतो, डावा कागद सांभाळतो. विंडोजच्या नियमात मात्र एंटर म्हणजे डीफॉल्ट बटण आणि टॅब म्हणजे पुढचा रकाना. नियम चुकीचा नव्हता. तो छोट्या डायलॉगसाठी होता. दिवसभर एन्ट्री मारणाऱ्यासाठी नव्हता.

त्याआधीच्या काळात हा प्रश्न बराच सुटलेला होता. १९७१ साली आलेल्या आयबीएम ३२७० टर्मिनलवर टॅबने एका रकान्यातून दुसऱ्यात जायचं, शीर्षकांवरून कर्सर आपोआप उडी मारायचा आणि एंटर मारलं की पडद्यावर भरलेले रकाने एकदम मोठ्या संगणकाकडे जायचे. मागचं-पुढचं पान एफ-सेव्हन आणि एफ-एटवर, हा तिथला रूढ संकेत. आमच्याकडे डॉसवर डीबेस आणि फॉक्सप्रो होतं. एंटरने पुढे, वरच्या बाणाने मागे, पेज डाउनने पुढचं पान. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरने तर एंटरलाच मुख्य रस्ता केलं: एंटर मारत जा, मागे यायला बॅकस्पेस, आणि मध्येच सगळं मान्य असेल तर कंट्रोल-ए. व्हाउचर भरताना खातंच नाही असं लक्षात आलं तर ऑल्ट-सीने तिथल्या तिथे नवं खातं उघडायचं आणि त्याच रकान्यात परत यायचं. टॅली विंडोजवर गेली तरी हा रस्ता तिने मोडला नाही. आपल्या पेठांमधल्या हिशेबनिसांचे हात तिथे बसले ते याचमुळे, असं माझं ठाम मत आहे.

१९८७ साली आयबीएमने पडद्यावरच्या वागणुकीचे समान नियम प्रसिद्ध केले. एफ-वन म्हणजे मदत, ऑल्ट-एफ-फोर म्हणजे खिडकी बंद, ही सवय तिथून आली. विंडोजने त्यातलं बरंच उचललं. पुढे विंडोज ९५ मध्ये फोल्डरच्या कानांसारखी टॅबची पानं सर्वत्र दिसू लागली. कंट्रोल-टॅबने पुढचं पान, शिफ्ट जोडला की मागचं. आम्हाला ती पानं फार आवडली. सहा पडद्यांचा फॉर्म एका खिडकीत मावत होता.

आता त्या शाखेतली दुसरी चूक सांगतो, कारण ती जास्त शिकवून गेली. व्हिज्युअल बेसिकबरोबर येणारं एसएस-टॅब नावाचं कंट्रोल आम्ही वापरलं होतं. न दिसणारं पान ते खऱ्या अर्थाने लपवत नसे. त्या पानावरचे रकाने ७५,००० ट्विप्स डावीकडे, म्हणजे पडद्याच्या खूप बाहेर, सरकवून ठेवत असे. रकाने जिवंतच. टॅबचा क्रम मात्र अख्ख्या फॉर्मचा एकच. त्यामुळे पहिल्या पानाच्या शेवटच्या रकान्यातून पुढे गेलं की कर्सर दुसऱ्या पानाच्या पहिल्या रकान्यात जायचा आणि समोर पहिलंच पान राहायचं. बाई कागदाकडे बघत पत्ता टाइप करत होत्या. पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. पत्ता बरोबर जागी जात होता, पण कोणालाही दिसत नव्हता, आणि एक रकाना चुकला असता तर पिनकोड गावाच्या जागी बसला असता.

उपाय किचकट होता. प्रत्येक पानाचे रकाने वेगळ्या फ्रेममध्ये घातले, समोर नसलेल्या फ्रेम बंद ठेवल्या, शेवटच्या रकान्यात एंटर मारलं की आधी पान उलटायचं आणि मग पहिल्या रकान्यावर फोकस द्यायचा. एंटरचा टॅब करायला आम्ही सेंड-कीज वापरलं. त्याने अधूनमधून नम लॉकचा दिवा विझायचा, आकडे उमटायचे थांबायचे आणि कर्सर भलतीकडे पळायचा. तेही काढलं, पुढचा रकाना कोणता हे स्वतः शोधणारं फंक्शन लिहिलं. त्यात दोन आठवडे गेले.

पान उलटणं हाच या कामाचा खरा सांधा आहे. एका पानावरचा क्रम बहुतेकांना जमतो. पान बदललं की कर्सर कुठे ठेवायचा, याचा विचार फार थोडे करतात. ‘पुढे’ बटण दाबल्यावर फोकस त्याच बटणावर राहिला, तर माणसाला सगळा फॉर्म फिरून पहिल्या रकान्यात यावं लागतं. मागच्या पानावर आला, तर तो जिथून गेला होता तोच रकाना हवा. आणि चौथ्या पानावर सेव्ह करताना दुसऱ्या पानावरची जन्मतारीख चुकली असेल, तर नुसता संदेश दाखवून भागत नाही; दुसरं पान उघडून कर्सर त्या तारखेवरच उभा राहिला पाहिजे.

ऑल्टबरोबर कोणती कळ दाबायची हे सांगणाऱ्या, बटणांवरच्या अक्षरांखालच्या रेघा विंडोज २००० ने लपवल्या; ऑल्ट दाबल्याशिवाय त्या दिसत नाहीत. पडदा स्वच्छ झाला, पण शॉर्टकट नजरेने शिकायची सोय गेली. मराठी फॉर्ममध्ये अडचण आणखी वेगळी. ‘स्त्री’ किंवा ‘पत्ता’ या शब्दांत रेघ कोणत्या अक्षराखाली मारायची? इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘त्त’ उमटवायला तीन कळा लागतात. त्यामुळे मराठी शब्दापुढे कंसात रोमन अक्षर ठेवून त्याखाली रेघ मारण्याची पद्धत पडली. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालते. आम्ही पानांना आकडे दिले: ऑल्ट-एक, ऑल्ट-दोन. भाषा कुठलीही चालू असो, हात चुकत नाही.

२००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला. आमचा फॉर्म त्यावर चालवणारे एक दृष्टिहीन कर्मचारी मला पुढे भेटले. त्यांच्यासाठी कीबोर्ड हाच रस्ता होता. पान उलटल्यावर एनव्हीडीए फक्त ‘नाव’ एवढंच बोलायचा. ते म्हणाले, “सर, नाव कोणाचं? खातेदाराचं की वारसाचं?” डोळस माणसाला वरचं शीर्षक दिसतं, त्यांना ते ऐकू यायला हवं होतं. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पान बदललं की ‘चारपैकी तिसरे, वारस’ असं आधी बोललं जातं आणि मग रकान्याचं नाव. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अशा सोयींना कायद्याचा आधार दिला.

त्या शाखेतल्या बाई निवृत्त झाल्या. सॉफ्टवेअर दोनदा नव्याने लिहिलं गेलं, पण एंटरने पुढे जायचा रस्ता आम्ही दोन्ही वेळा तसाच ठेवला. नवे फॉर्म बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिला नमुना तयार झाला की रोज एन्ट्री मारणाऱ्या माणसाशेजारी तासभर खुर्ची टाकून बसा आणि त्याचा डावा हात कागदावरून किती वेळा उचलला जातो, ते मोजा.