मदतनीस ते शिक्षिका : अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचा रस्ता

८ जानेवारी २००२ रोजी ओहायो राज्यातल्या हॅमिल्टन गावी, एका हायस्कुलात, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर सही केली. हा कायदा आज आठवतो तो परीक्षांच्या माऱ्यासाठी आणि नापास ठरलेल्या शाळांसाठी. त्यातलं एक कलम मात्र शिक्षकांबद्दल नव्हतं, वर्गातल्या मदतनीसांबद्दल होतं. गरीब वस्तीतल्या ज्या शाळांना केंद्राचा ‘टायटल वन’ निधी मिळतो, तिथे शिकवण्यात हातभार लावणाऱ्या मदतनीसांनी दोन वर्षं कॉलेज केलेलं असावं किंवा दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेली असावी, नाहीतर एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असं ते कलम सांगत होतं. आधीपासून नोकरीत असलेल्यांना चार वर्षांची मुदत होती.

या मदतनीसांना कागदोपत्री पॅराप्रोफेशनल किंवा पॅराएज्युकेटर म्हणतात, शाळेत नुसतं ‘पॅरा’. स्वमग्न मुलाशेजारी बसून त्याचं लक्ष पाटीवर आणणं, व्हीलचेअरवरच्या मुलीला भरवणं, तिला स्वच्छतागृहात नेणं, डोकं भिंतीवर आपटणाऱ्या मुलाला न चिडता आवरणं आणि मध्येच वेळ मिळाला तर चौघांना वाचनाचा सराव देणं, असं हे काम. पगार तासावर आणि तुटपुंजा. काम करणाऱ्या बहुतेक बायका, त्याही शाळेच्या आसपासच राहणाऱ्या. मूल घरी स्पॅनिश बोलत असेल तर अनेकदा शाळेत त्याचं बोलणं कळणारी तेवढी एकच व्यक्ती असते. विशेष मुलांना कसं सांभाळायचं हे यातल्या पुष्कळ जणींना नव्या कोऱ्या पदवीधरापेक्षा चांगलं कळतं. शिक्षिका होण्यासाठी त्यांच्याकडे नसते ती फक्त पदवी.

कॉलेज करायचं तर कुठे? चार वर्षांचं विद्यापीठ दूर, महाग आणि दिवसा भरणारं. उत्तर एकच होतं, गावातलं कम्युनिटी कॉलेज.

ही संस्था आपल्याकडे नीट माहीत नाही. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हायस्कूललाच जोडून पुढची दोन वर्षं शिकवायला सुरुवात केली. सहा विद्यार्थी होते. जोलिएट ज्युनियर कॉलेज आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर काढावीत अशी शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं. आज ती हजाराच्या आसपास आहेत. प्रवेशाला गुणांची अट जवळपास नाही, वर्ग संध्याकाळी आणि शनिवारीही भरतात. कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये स्थानिक विद्यार्थ्याला वर्षाची सरासरी फी ४,०५० डॉलर होती, तर चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात त्याच राज्यातल्या विद्यार्थ्याला ११,६१०.

गंमत अशी की शिक्षक तयार करण्याचं काम अमेरिकेत मुळात अशाच छोट्या, घराजवळच्या संस्थांनी सुरू केलं होतं. मॅसॅच्युसेट्सचे होरेस मॅन यांच्या पुढाकाराने १८३९ च्या जुलैत लेक्सिंग्टनला देशातलं पहिलं सरकारी नॉर्मल स्कूल उघडलं, तेव्हा पहिल्या दिवशी तीन मुली हजर होत्या. (सावित्रीबाई फुले पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात शिकल्या, ते याच जातीचं.) पुढे ही नॉर्मल स्कुलं टीचर्स कॉलेजं झाली, मग राज्य विद्यापीठं. प्रत्येक बढतीबरोबर त्यांची फी वाढली, प्रवेश कडक झाले आणि प्राथमिक शिक्षक घडवणं हे त्यांचं मुख्य काम राहिलं नाही. शेतकऱ्याच्या मुलीला शिक्षिका करणारी संस्था तिच्या हाताबाहेर गेली. कम्युनिटी कॉलेज आज जे करतं आहे ते नवं नाही, टाकून दिलेलं जुनं काम त्याने उचललं आहे, असं माझं मत आहे.

आपल्याकडे बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. केलं की प्राथमिक शिक्षक होता येत असे. त्यामुळे दोन वर्षांची असोसिएट पदवी म्हणजे अमेरिकेतलं डी.एड. असा समज सहज होईल. तो चुकीचा आहे. अमेरिकेत सरकारी शाळेत प्राथमिक शिक्षिका व्हायचं तर चार वर्षांची पदवी लागतेच, वर राज्याचं लायसन्स. म्हणजे कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं हा निम्माच रस्ता. उरलेली दोन वर्षं विद्यापीठात काढायची, आणि खरी अडचण तिथेच येते.

कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के जणांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती हाती पडते साधारण १६ टक्क्यांच्या. यात आळस, संसार, पैसा सगळं आलं. पण आणखी एक कारण आहे, ते कागदाचं आहे. २०१७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब काढला की एका संस्थेतून दुसरीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाटेत बुडतात. म्हणजे शिकलेलं, फी भरलेलं, उत्तीर्ण झालेलं जवळजवळ निम्मं पुन्हा शिकायचं.

हे कसं होतं ते एका विषयावरून पाहू. भावी प्राथमिक शिक्षकांसाठी गणिताचा खास अभ्यासक्रम असतो, बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन सत्रांचा. त्यात कॅल्क्युलस नसतं. हातचा का घ्यायचा, अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागताना खालचा वर का करायचा, मुलाने चुकीचं उत्तर काढलं तर तो कुठून विचार करत गेला असेल, हे त्यात शिकवतात. वरून सोपा आणि आतून बराच अवघड असा हा विषय. कम्युनिटी कॉलेजातली पॅरा तो मन लावून करते. विद्यापीठ म्हणतं, क्रेडिट मान्य, पण ‘ऐच्छिक’ म्हणून. आमच्या शिक्षणशास्त्र विभागाचा गणिताचा पेपर वेगळा आहे, तो करावाच लागेल. क्रेडिट नाकारलं असं कागदावर कुठेच दिसत नाही, आणि सत्र तर गेलेलं असतं. मानसशास्त्राचं तेच, बालविकासाचं तेच. विशेष शिक्षणाच्या बाबतीत तर अनेक विद्यापीठं प्रास्ताविक पेपरसुद्धा आपल्याकडेच हवा म्हणतात.

मेरीलँडने हा गुंता सोडवला, आणि तो ज्या रीतीने सोडवला त्यासाठी या छोट्या राज्याकडे नीट पाहायला हवं. २००१ मध्ये तिथे ‘असोसिएट ऑफ आर्ट्स इन टीचिंग’ ही पदवी सुरू झाली, तोंडी नाव एएटी. तोवरचा रिवाज असा की प्रत्येक कॉलेज प्रत्येक विद्यापीठाशी वेगळा करार करी आणि पेपरला पेपर जुळवत बसे. एखादा प्राध्यापक निवृत्त झाला, अभ्यासक्रम बदलला की करार फिसकटला. मेरीलँडमध्ये दोन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या दोन्ही बाजूंचे प्राध्यापक एकत्र बसले आणि त्यांनी पेपरांची नावं बाजूला ठेवली. पहिल्या दोन वर्षांच्या अखेरीला भावी शिक्षकाला काय यायला हवं, एवढंच ठरवलं. ते येत असेल तर पदवी सगळी एकत्र, जशीच्या तशी, राज्यातल्या शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या कुठल्याही विद्यापीठाने घ्यायची. सुटे पेपर तपासायचे नाहीत. बदल्यात एएटीला सरासरी गुणांची किमान अट घातली आणि पहिल्या दोन वर्षांतच प्रत्यक्ष शाळेत जाऊन निरीक्षण करणं सक्तीचं केलं. प्राथमिक शिक्षण आणि विशेष शिक्षण एकत्र असलेली एक शाखाही तिथे निघाली.

यात पैसा फारसा लागला नाही. लागलं ते विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकांना बरोबरीचं मानणं. ते किती कठीण असतं हे ज्याने कुठल्याही विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची बैठक पाहिली आहे त्याला सांगायला नको.

फ्लोरिडाने वेगळा मार्ग धरला. पुढे जाताना अडचण येते ना, मग पुढे जाऊच नका! २००१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने सेंट पीटर्सबर्ग ज्युनियर कॉलेजला चार वर्षांच्या पदव्या देण्याची मुभा दिली आणि कॉलेजच्या नावातलं ‘ज्युनियर’ गेलं. पहिल्या पदव्यांत नर्सिंग होतं तसं शिक्षणही होतं. २००३ मध्ये मायामी-डेडनेही शिक्षणाच्या पदव्या सुरू केल्या आणि नावातलं ‘कम्युनिटी’ गाळलं. विशेष शिक्षणाची पदवी त्यांतच होती.

मला यात सगळ्यात पटतं ते नेवाडातलं एल्को. सोन्याच्या खाणींचं, गुरं पाळणाऱ्यांचं हे गाव. रीनोचं विद्यापीठ तिथून सुमारे ४६५ किलोमीटर, मधे वाळवंट आणि डोंगर. शिक्षिका व्हायला मुलगी रीनोला गेली की परत येण्याची खात्री नाही, आणि रीनोची पदवीधर एल्कोला येऊन टिकण्याची तर नाहीच. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या कम्युनिटी कॉलेजने, म्हणजे आजच्या ग्रेट बेसिन कॉलेजने, १९९९ मध्ये प्राथमिक शिक्षणाची चार वर्षांची पदवी सुरू केली. राजधानीत बसून ‘दर्जा’ची काळजी करणाऱ्यांनी एल्कोचा नकाशा समोर ठेवावा. तिथे पर्याय चांगलं कॉलेज की मध्यम कॉलेज असा नव्हता, पात्र शिक्षक की रिकामी खुर्ची असा होता.

कॅलिफोर्निया मात्र अडून आहे. देशातली सर्वांत मोठी व्यवस्था तिथे, ११६ कॉलेजं. पण २०१४ च्या कायद्याने पदवी देण्याची परवानगी देताना अट घातली की राज्य विद्यापीठं जे शिकवतात ते तुम्ही शिकवायचं नाही, आणि २०२१ च्या सुधारणेतही ती राहिली. प्राथमिक शिक्षण तर विद्यापीठं शिकवतातच, विषय संपला. ॲरिझोनाने त्याच २०२१ मध्ये परवानगी दिली आणि फिनिक्सभोवतालच्या मॅरिकोपा काउंटीच्या कॉलेजांत २०२३ पासून पदवीचे वर्ग भरू लागले.

आता विशेष शिक्षणाबद्दल, कारण खरी टंचाई तिथे आहे. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण देण्याच्या कायद्यावर सही केली, तोवर अमेरिकेतली दहा लाखांहून अधिक अपंग मुलं सरकारी शाळेच्या पूर्णपणे बाहेर होती. १९९० पासून हा कायदा आयडीइए या नावाने ओळखला जातो. प्रत्येक मुलाची स्वतंत्र लेखी योजना, म्हणजे आयईपी, आणि शक्य तितकं इतर मुलांबरोबर शिक्षण, हे त्याचे दोन खांब. २०२२-२३ मध्ये ७५ लाख मुलं या कायद्याखाली शिकत होती, सरकारी शाळांतल्या मुलांच्या १५ टक्के. कायदा झाला तेव्हा केंद्राने जादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत भार उचलण्याचं म्हटलं होतं; अलीकडे प्रत्यक्ष वाटा १५ टक्क्यांच्याही खाली असतो. उरलेलं शाळांनी पाहायचं. त्यात विशेष शिक्षिकेच्या वाट्याला शिकवण्याइतकाच कागद येतो आणि ती काही वर्षांत साध्या वर्गाकडे वळते किंवा नोकरीच सोडते. गळक्या हंड्यात तोटी कितीही मोठी सोडली तरी पाणी ठरत नाही, हे कम्युनिटी कॉलेजांच्या कौतुकात विसरलं जातं.

तरीही या रस्त्याने येणाऱ्या बायकांबद्दल मला आशा वाटते. त्यांना वर्ग ठाऊक असतो, गाव सोडायचं नसतं आणि मुलाने चावा घेतला तर त्या दचकत नाहीत. दुसरंही एक कारण आहे. अमेरिकी सरकारी शाळांतले सुमारे ८० टक्के शिक्षक गोरे आहेत, तर मुलांत गोरे निम्म्याहून कमी. पॅरा ज्या वस्त्यांतून येतात, तिथून आजवर शिक्षक फारसे आलेच नाहीत.

पण शेवटच्या सत्रात त्यांची कोंडी होते. पदवीपूर्वी काही महिने पूर्णवेळ पाठ घ्यायचे, तेही बिनपगारी आणि बहुतेकदा दुसऱ्याच शिक्षिकेच्या वर्गात. दहा वर्षं वर्ग सांभाळलेल्या पॅराने वर्ग सांभाळायला शिकण्यासाठी पगाराची नोकरी सोडायची. घरभाडं कोण भरणार? ही अट मला सरळ क्रूर वाटते.

यावर तोडगा टेनेसीने काढला. क्लार्क्सव्हिल-मॉन्टगोमेरी काउंटीची शाळा-यंत्रणा आणि ऑस्टिन पी विद्यापीठ यांच्या उपक्रमाला जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय कामगार खात्याने रीतसर ॲप्रेंटिसशिप म्हणून मान्यता दिली. इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्यासाठी असलेली जुनी सोय पहिल्यांदाच शिक्षकी पेशाला लागू झाली : दिवसा शाळेत पगारी काम, तेच प्रशिक्षण, संध्याकाळी कॉलेज, फी शिकणाऱ्याच्या खिशातून नाही. दोन-तीन वर्षांत चाळीसहून अधिक राज्यांनी ही कल्पना उचलली. दिल्लीतल्याप्रमाणे वॉशिंग्टनमध्येही वारा फिरतो, हे २०२५ मध्ये दिसलं. फेब्रुवारीत केंद्रीय शिक्षण खात्याने शिक्षक-प्रशिक्षणाची कोट्यवधी डॉलरची अनुदानं मध्येच थांबवली, काही राज्यं कोर्टात गेली आणि ४ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती तूर्त थांबलेलीच राहू दिली.

हा अंक न्यू जर्सीतही जाईल, म्हणून तिथल्या वाचकांसाठी थोडं. एडिसनमध्ये, जुन्या रॅरिटन शस्त्रागाराच्या जागेवर, मिडलसेक्स कॉलेज हे कम्युनिटी कॉलेज आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यानुसार कम्युनिटी कॉलेजच्या असोसिएट पदवीची क्रेडिट राज्याच्या सरकारी विद्यापीठांनी घ्यायची आहेत. मात्र ही हमी क्रेडिटची आहे, शिक्षणशास्त्र विभागातल्या प्रवेशाची नाही. शिवाय या राज्यात विशेष शिक्षिकेच्या लायसन्सला प्राथमिक किंवा विषयशिक्षकाच्या लायसन्सची जोड लागते, तेव्हा दोन्ही एकत्र देणारा अभ्यासक्रमच निवडावा. वाचन-लेखन-गणिताची जुनी चाळणी परीक्षा १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली आहे. तिच्या धास्तीने थांबलेल्या असाल तर आता थांबू नका. व्हिसावर असाल तर शाळेत पगारी काम करण्याचा परवाना आपल्याला आहे का, हे आधी पाहा. आणि पहिल्या सत्राची फी भरण्यापूर्वी, ज्या विद्यापीठात पुढे जायचं आहे तिथल्या सल्लागाराला इमेल करून विचारा की कुठला पेपर पदवीत धरला जाईल आणि कुठला नुसता ‘ऐच्छिक’ म्हणून. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. सल्लागार बदलतात.