गणिताची परीक्षा कोड्यातून

महाविद्यालयातील गणिताची परीक्षा म्हणजे तीन तासांची लेखी उत्तरपत्रिका, असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. देवास जिल्ह्यातील पीपलरावांसारख्या गावातून शहरात शिकावयास गेलेला विद्यार्थी सिद्धता मुखोद्गत करतो, उत्तीर्ण होतो आणि पुढे सारे विसरतो. त्याला गणित समजले काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. म्हणून अंतिम परीक्षेचा काही भाग कोड्यांद्वारे घेण्याचा विचार अगत्याचा वाटतो.

परीक्षेची रीत बदलणे या भागाला नवे नाही. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. पुढे 'एकलव्य' संस्थेमार्फत तो देवासकडेही पोचला. त्यात परीक्षेला पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा असे आणि प्रयोग करून दाखवावे लागत. २००२ साली तो बंद झाला; तथापि स्मरणशक्तीऐवजी विचारशक्ती पारखणारी परीक्षा सरकारी शाळांतही घेता येते, हे त्याने दाखवून दिले.

महाविद्यालयीन गणितासाठी उत्तम कोडे देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी देऊन ठेवले आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते, तेही परीक्षेतील गुणांसाठी नव्हे, तर स्वतंत्र गणिती कार्यासाठी.

त्यांचे कोडे असे : चार अंकी संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुनःपुन्हा करावी. १९८० घेतल्यास ९८१० − ०१८९ = ९६२१; ९६२१ − १२६९ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ हेच उत्तर येत राहते. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते.

आता परीक्षकाने विचारावे : असे का? अंक उतरत्या क्रमाने मांडल्यावर पहिल्या व चौथ्या अंकांतील फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांतील फरकाला ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर मिळते, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात यावे. मग हजारो संख्या तपासण्याचे कारण उरत नाही. अवघी ५४ प्रकरणे पुरतात. तीन अंकांसाठी ४९५ का येते, दोन अंकांत एकच संख्या न येता फेरा का पडतो, हे पुढचे प्रश्न.

अशा परीक्षेत नक्कल होईल, गुणदान मनमानी होईल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी प्रत्येकास निराळे कोडे द्यावे, कच्चे काम तपासावे आणि शेवटी थोडा वेळ तोंडी प्रश्न विचारावेत. उत्तर अपुरे राहिले तरी योग्य दिशेने टाकलेल्या पावलांना गुण असावेत. शिक्षकांचे श्रम वाढतील, हे खरे. परंतु एका कोड्याच्या मुळाशी स्वतः पोचलेला विद्यार्थी ते सहसा विसरणार नाही, आणि गणिताचे भयही त्याच्या मनातून ओसरेल.