गौताळ्याचं ज्ञान कुणाच्या नावावर?

छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याकडे निघालं की कन्नडनंतर घाट लागतो आणि त्याच्या आजूबाजूला अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगररांगेतलं अभयारण्य पसरलेलं दिसतं. क्षेत्रफळ सुमारे 260 चौरस किलोमीटर, घोषणा 1986 सालची. सरकारदरबारी त्याचं नाव गौताळा औट्रमघाट. औट्रम म्हणजे कंपनी सरकारचा अधिकारी जेम्स औट्रम. 1825 साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारून त्यानं भिल्लांचीच बंडं मोडून काढली. त्याचं नाव घाटावर आणि अभयारण्याच्या पाटीवर राहिलं. या डोंगरातलं झाडपाल्याचं ज्ञान पिढ्यान् पिढ्या सांभाळणाऱ्या भिल्ल आणि ठाकर माणसांची नावं मात्र कुठल्याच पाटीवर नाहीत.

हे पानझडीचं रान. अंजन, सालई, धावडा, पळस, खैर, टेंभुर्णी ही इथली मुख्य झाडं. उन्हाळ्यात ते उजाड दिसतं, पण पहिले पाऊस पडले की आठ-पंधरा दिवसांत वस्तीवरच्या बायकांच्या ओटीत रानभाज्या यायला लागतात. तरोटा, कुरडू, करटुली, फोडशी. यातली फोडशी मला फार महत्त्वाची वाटते. सफेद मुसळी म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या कुळातली ही भाजी. घरच्या भाजीसाठी कोवळी पानं खुडली तरी मुळं जमिनीत राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा हिरवी होते. व्यापाऱ्याला मुळ्याच हव्या असतात, आणि मुळ्या ओरबाडून नेल्या की तिथली वनस्पती संपते. कशाचं काय खावं, ही माहिती एखाद्या पुस्तकात मिळेलही. पण कधी खुडावं, किती ठेवावं, कशाला हात लावू नये, ही समज त्या बायकांकडे आहे आणि नोंद करणाऱ्यांच्या वहीतून नेमकी तीच सुटते.

औषधांचंही तसंच. मुरडा झाला की मुरुडशेंग, बाळंतिणीला दूध यावं म्हणून शतावरी, हाडाला बळ यावं म्हणून धावड्याच्या डिंकाचे लाडू, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. बाळघुटीच्या पुरचुंडीतली मुरुडशेंग रानातून गोळा करून बाजारापर्यंत आणणारे हात कुणाचे, हे मात्र आपण क्वचितच विचारलं. पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांनी लक्ष वेधणारी कळलावी तर जीवघेणी. तिच्या कंदातलं कोल्चिसिन चुकीच्या हाती पडलं तर माणूस दगावतो. अशा वनस्पतीचं ज्ञान जाणत्या माणसाकडेच राहावं, सर्वांसाठी छापू नये, असं त्या समाजाला वाटत असेल, तर नोंद करणाऱ्यानं ते मानलंच पाहिजे.

मराठवाड्याकडे वनस्पतिशास्त्राचं लक्ष उशिरा गेलं, याचं कारण इतिहासात आहे. थिओडोर कुक यांचा गाजलेला ग्रंथ 1901 ते 1908 दरम्यान निघाला, पण तो मुंबई इलाख्याचा. आपला मुलूख निजामाच्या राज्यात, म्हणून त्या ग्रंथाच्या बाहेर. मराठवाड्याच्या वनस्पतींचा सविस्तर ग्रंथ प्रा. व्ही. एन. नाईक यांनी 1998 साली छत्रपती संभाजीनगरातून प्रसिद्ध केला. हे मोठं काम होतं. त्यामुळे या भागात कोणती वनस्पती आहे, हे सांगायला भक्कम आधार मिळाला. ती कोण, कशासाठी, कशी वापरतं, हा अभ्यास वेगळा. विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयांतल्या अभ्यासकांनी तो केला, अजूनही करतात. मात्र त्यातलं बरंचसं इंग्रजी शोधनिबंधांत जातं आणि ज्याच्या ओसरीवर बसून माहिती घेतली, त्याच्यापर्यंत परत येत नाही.

चांगली नोंद कशी असते? नुसतं नाव लिहून भागत नाही. एकट्या शंखपुष्पीच्या नावाखाली वेगवेगळ्या प्रांतांत तीन-चार निरनिराळ्या वनस्पती चालतात. म्हणून फुला-फळासकट नमुना गोळा करायचा, वाळवून दाबून कागदावर लावायचा, ठिकाण आणि तारीख लिहायची, शास्त्रीय ओळख पक्की करायची. मग कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कशात उगाळून, किती दिवस, हे विचारायचं. एकाच वापराबद्दल वेगवेगळ्या वस्त्यांवरच्या माणसांशी बोलायचं. आणि या सगळ्याआधी परवानगी घ्यायची, खरीखुरी, त्यांना समजेल अशा भाषेत.

लिहून ठेवण्याची गरज किती मोठी, ते हळदीच्या प्रकरणात कळलं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते आव्हान देऊन 1997 साली रद्द करून घेतलं, आणि ते शक्य झालं जुन्या लेखी पुराव्यांमुळे. पुढे 2001 पासून देशाच्या पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल भांडार उभं राहिलं, पण त्याचा पाया आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांचा. गौताळ्यातल्या ठाकर आजीनं कुठे ग्रंथ लिहिला? तिचं ज्ञान या संरक्षणाबाहेर राहतं.

मग सगळं छापून टाकावं का? मला ते पटत नाही. छापलं की पेटंट अडवता येतं हे खरं, पण त्याचबरोबर ते कुणीही फुकट उचलू शकतं. केरळातल्या काणी समाजानं 1987 साली शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून औषध बनलं, 1995 साली ते बनवण्याचा परवाना दिला गेला आणि मिळकतीतला निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त संस्थेला देण्याचं ठरलं. तिथेही सगळ्या काणींना विचारलं नव्हतं, म्हणून वाद झालाच. तरी वाटा द्यायचा असतो, हे देशाला तिथे दिसलं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य केला. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत समिती आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही हवी. मुळात ही कल्पना माधव गाडगीळ यांनी पुढे आणली, लोकांनी आपलं रान आपणच लिहावं म्हणून. पण हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून नंतर दरमहा 10 लाखांचा दंड लावण्याचं सांगितलं, तेव्हा देशभर नोंदवह्या घाईनं तयार झाल्या. घाईत भरलेल्या वहीत झाडांची यादी उतरते, माणूस उतरत नाही.

माणसाला वहीत जागा देणं अवघड नसतं. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा 12 खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 दरम्यान ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यात माहिती देणाऱ्या इट्टी अच्युतन वैद्याचं, तसंच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांचं प्रमाणपत्र आहे. तिघांचं तर देवनागरीत, कोकणी भाषेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी हा ग्रंथ करवून घेणाऱ्या डच गव्हर्नरनं माहिती देणाऱ्याला सही करू दिली. आज आपण ‘स्थानिक आदिवासींकडून प्राप्त माहिती’ एवढंच लिहितो. ज्याची इच्छा असेल त्याचं नाव छापलंच पाहिजे.

कन्नड-सोयगाव भागातल्या वाचकांना, तिथल्या शिक्षकांना आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही पाहायला मागा. ती नसेल तर समितीला विचारा. असेल तर ग्रामसभेत मराठीतून मोठ्यानं वाचा आणि वस्तीवरच्या वयस्कर बायकांना त्या सभेला आवर्जून बोलवा. चुकीचं असेल ते त्याच दुरुस्त करतील, आणि त्यांना जे सांगायचं नसेल ते वहीत घालू नका.