मांडी म्हणजे सीट नव्हे

गाडीत लहान मूल असलं की ते कुणाच्या तरी मांडीवर जातं. त्याबद्दल हटकलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘मी घट्ट धरलंय ना!’ बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी निघतात तेव्हापासून हे सुरू होतं. गाडी घेताना एअरबॅग किती आहेत याची चौकशी करणारी माणसंही बाळाच्या बाबतीत आपल्या दोन हातांवर विसंबतात. या समजुतीमागे माया आहे, म्हणून ती बोलून दाखवणाऱ्याला कुणी टोकत नाही. पण टोकायला हवं, कारण ही समजूत जीवघेणी आहे आणि ते कळायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

ताशी ५० किलोमीटर हा काही बेफाम वेग नव्हे. शहरातल्या मोकळ्या रस्त्यावर सगळेच त्या वेगाने जातात. या वेगातली गाडी समोर आदळली, तर तिचा पुढचा भाग चेपत ती साधारण अर्ध्या-पाऊण मीटरात थांबते. ६० सेंटीमीटर धरून हिशेब केला, तर गाडीतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या सरासरी १६ पट जोर येतो. म्हणजे १० किलोच्या बाळाला जागच्या जागी धरून ठेवायला १६० किलोचं ओझं पेलण्याइतकी ताकद हवी. ही झाली सरासरी. धक्क्याचा कळस याहून मोठा असतो. शिवाय हे सगळं एक दशांश सेकंदाच्या आत उरकतं, हात आवळायला हवेत हे मेंदूला उमगण्याआधीच. पहिलवानालाही जमणार नाही ते आईला किंवा आजीला कसं जमेल? वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० ची मर्यादा आहे, तिथला हिशेब ज्याचा त्याने करावा.

बाळ हातून निसटणं हा यातला एकच धोका. धरणाऱ्या व्यक्तीनेच बेल्ट लावला नसेल, तर तिचं ६० किलोचं शरीर जवळजवळ एक टनाच्या जोराने पुढे फेकलं जातं. मध्ये सापडतं ते बाळ. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तरी मोठ्या माणसाचा भार बाळावरच येतो. मांडी पुढच्या सीटवरची असेल तर आणखी वाईट. तिथली एअरबॅग सेकंदाच्या लहानशा अंशात फुगते, आणि ती बेल्ट लावलेल्या प्रौढ माणसासाठी आखलेली असते. तिच्या वाटेत बाळाचं डोकं येता कामा नये.

यावर आक्षेप येतात. ‘आम्ही असेच वाढलो, आम्हाला काय झालं?’ ज्यांना झालं ते हा प्रश्न विचारायला उरलेले नाहीत. ‘आम्ही हळू चालवतो.’ चालवत असाल, पण समोरून येणाऱ्याचा वेग तुमच्या हातात नाही. ‘बाळ सीटमध्ये रडतं.’ रडतं, हे खरं. पहिल्या प्रवासापासून सवय लावली तर रडणं कमी होतं, आणि लांबच्या वाटेवर अधूनमधून गाडी थांबवून त्याला कडेवर घेता येतं. दूध पाजायचं तेही गाडी थांबवूनच. ‘सीट महाग असते.’ हा आक्षेप मात्र खरा आहे. काही हजारांचा खर्च सगळ्यांना सोपा नसतो. तरीही लाखोंची गाडी घेताना सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमवर खर्च होत असेल, तर बाळाच्या सीटचा नंबर त्याआधी लागायला हवा.

ही सीट नक्की काय करते? तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेची हाडं अजून पक्की झालेली नसतात. पुढे तोंड करून बसवलं तर धक्क्यात सगळा ताण त्या मानेवर येतो. गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवलं की तोच जोर पाठ, मान आणि डोकं यांवर मिळून पसरतो. म्हणूनच युरोपच्या आर-१२९ नियमात किमान १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं आहे. त्याहून जास्त काळ बसवलं तर उत्तमच. त्यानंतर पट्ट्यांची पुढे तोंड असलेली सीट, आणि पुढे उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानुसार अशा सीटमुळे मोटारीत मृत्यूचा धोका वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये ७१ टक्के आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये ५४ टक्के घटतो. आपला कायदाही स्पष्ट आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘मागे बेल्ट कशाला?’ केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३८ नुसार मागेही बेल्ट सक्तीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते आणि तेच दोघे दगावले.

‘बेल्ट ड्रायव्हरनं लावला की झालं.’ केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले ८,३३१ प्रवासी होते.

‘एअरबॅग आहे, बेल्ट नको.’ एअरबॅग ही बेल्टला जोड आहे, पर्याय नव्हे.

‘गाडी पेटली तर बेल्टमुळे अडकू.’ असे अपघात फार थोडे. आणि बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं, ते बेल्टमुळेच शक्य होतं.

‘गरोदरपणी बेल्ट नको.’ हवाच, खालचा पट्टा पोटाखालून कमरेच्या हाडांवर, वरचा छातीच्या मधून.

‘बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप अडकवली की अलार्म बंद.’ अलार्म बंद होतो, धोका तसाच राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिप हटवायला लावल्या.

गाडीत जितके बेल्ट तितकीच माणसं, आणि बाळ धरून त्यांतलंच एक माणूस. लग्नाला, जत्रेला, गावी जाताना हा हिशेब जुळत नसेल तर दुसरी गाडी करा किंवा दोन खेपा करा. बाळ सीटमध्ये बसून पट्टे लागल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, एवढा एक नियम घरातल्या थोरामोठ्यांसकट सगळ्यांनी मान्य करावा.