कापडाचा रंग आणि चेहऱ्याचा 'ऋतू'

ईदची किंवा निकाहची खरेदी निघते. साताऱ्याच्या मोती चौकात असो की सांगलीच्या मारुती रोडवर, मुलीने गडद रंगाचे कापड अंगाशी धरले की सोबतच्या खाला किंवा फुफी हमखास म्हणतात, "हा नको, तू सावळी आहेस." मुलगी गप्प होते आणि फिकट बदामी कापड पिशवीत पडते. आता मोबाइलवर याच विषयाला नवे नाव मिळाले आहे: आपला 'ऋतू' ओळखा आणि त्याच ऋतूचे रंग वापरा. ही पद्धत आली कुठून आणि आपल्या घरात तिचा उपयोग किती, हे भगिनींनी समजून घ्यायला हवे.

स्वित्झर्लंडचे चित्रकार योहानेस इटेन जर्मनीत कला शिकवत. विद्यार्थी आवडीने जुळवतात ते रंग पुष्कळदा त्यांच्याच केसांशी व कांतीशी मेळ खातात, हे त्यांच्या ध्यानात आले. रंगांवरील त्यांचा ग्रंथ १९६१ मध्ये निघाला. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या 'कलर मी ब्युटिफुल' या पुस्तकाने वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा हे चार गट लोकप्रिय केले. पिवळसर झाक असलेल्या कांतीला वसंत किंवा शरद, गुलाबी-निळसर झाक असलेल्या कांतीला उन्हाळा किंवा हिवाळा, असा साधारण हिशेब.

अडचण इथेच आहे. सोनेरी-तपकिरी केस आणि निळे-घारे डोळे यांतले बारकावे या गटांत नीट बसतात. काळे केस, काळे डोळे असलेल्या आशियाई व आफ्रिकी स्त्रियांना मात्र सुरुवातीला सरसकट 'हिवाळ्या'त टाकले गेले. आपल्या एकाच घरात अम्मी गव्हाळ, मुलगी सावळी, भाभी गोरी असते. तिघींना एकच तक्ता कसा लागू पडेल? म्हणून तक्ता बाजूला ठेवून त्यातली पारख तेवढी घ्यावी.

ती घरीच, बिनखर्चात होते. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन नसेल तिथे, मेकअप न करता बसा. केसांवर पांढरे कापड बांधा. मग हनुवटीखाली दोन-दोन कपडे आळीपाळीने धरा: शुभ्र पांढरा आणि साईसारखा, हळदी आणि लिंबू, विटकरी आणि राणी. नजर कापडावर नको, चेहऱ्यावर ठेवा. कापडावरून परतणारा उजेड हनुवटीवर आणि गालांवर पडतो. एका रंगात डोळ्यांखालची काळी वर्तुळे ठळक होतात, दुसऱ्यात चेहरा एकसारखा, ताजा दिसतो. सावळ्या कांतीवर गडद हिरवा, मरून, मोरपंखी हे रंग अनेकदा कसे खुलतात, ते तिथेच दिसेल. दुकानातही कापड ट्यूबलाइटखाली न ठरवता दाराशी नेऊन पाहावे.

चेहऱ्याला सर्वांत जवळ असते ती ओढणी किंवा हिजाब. त्यामुळे कमीजचा रंग जुळला नाही म्हणून जोड टाकून द्यायची गरज नाही. आपल्याला खुलणाऱ्या रंगांच्या दोन-तीन ओढण्या असल्या की जुने जोडही चालतात आणि इसराफ टळतो.

हवामानाचा ऋतू हा वेगळा हिशेब आहे. जत-आटपाडीच्या उन्हात फिकट, सुती कपडेच बरे. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात चिखल न दिसणारे, रंग न सोडणारे कापड हवे. तिथे आधी सोय पाहावी.

सूरह रूमच्या बाविसाव्या आयतीत माणसांच्या भाषा आणि रंगांमधील वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांत गणले आहे. ही निशाणी फिकट कापडाखाली झाकायची नसते. पाहुणे मुलगी पाहायला येणार असतील, त्या दिवशीसुद्धा तिला खिडकीजवळ बसवा आणि तिच्या चेहऱ्याला खुलणारा रंग तिलाच निवडू द्या.