विश्लेषण : ताटातले मीठ सुरक्षित, मग बाथरूममधला क्लोरीन जीवघेणा का ठरतो?

सणासुदीच्या साफसफाईत अनेक घरांत एक चूक होते. फरशीवरचे डाग निघत नाहीत म्हणून आधी टाकलेल्या ब्लीचवरच टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड ओतले जाते. काही क्षणांत डोळ्यांची आग होते, घसा जळजळतो, खोकल्याची उबळ थांबत नाही. हा त्रास क्लोरीन वायूमुळे होतो. तोच क्लोरीन मिठाच्या रूपात रोज आपल्या आमटीत असतो. मिठातला त्याचा जोडीदार सोडिअम तर पाण्यात पडताच धुमसू लागतो. अशी दोन जहाल मूलद्रव्ये एकत्र आल्यावर खाण्याजोगी कशी होतात आणि क्लोरीन पुन्हा घातक केव्हा होतो? याचे उत्तर दहावीत शिकलेल्या आवर्तसारणीत आहे.

नेमका फरक कशामुळे?

आवर्तसारणीच्या पहिल्या गणात लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सीझिअम आणि फ्रान्सिअम हे अल्क धातू आहेत. 17व्या गणात फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे हॅलोजन आहेत. अल्क धातूच्या अणूत सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. तो देऊन टाकला की अणूला स्थैर्य मिळते. हॅलोजनच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे आठ व्हायला एक कमी. एकाला इलेक्ट्रॉन द्यायची घाई, तर दुसऱ्याला घ्यायची.

अल्क धातूंमध्ये सर्वांत आक्रमक कोण?

लिथिअमचा तुकडा पाण्यावर तरंगत फसफसतो. सोडिअम अभिक्रियेच्या उष्णतेने वितळतो, त्याची गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा धावते आणि कधी पेटही घेते. पोटॅशिअम लगेच फिकट जांभळ्या ज्वाळेने पेटतो. रुबिडिअम आणि सीझिअमच्या बाबतीत तर स्फोटच होतो. प्रत्येक वेळी हायड्रोजन वायू आणि त्या धातूचे हायड्रॉक्साइड तयार होते.

गणात खाली जावे तसे अणूत एकेक कवच वाढते. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो. मधल्या इलेक्ट्रॉनांमुळे त्याच्यावरची केंद्रकाची पकडही सैल होते, त्यामुळे तो चटकन सुटतो. धातूचे अणू एकमेकांना धरून ठेवण्याची ताकदही कमी होत जाते. लिथिअम सुमारे 180 अंश सेल्सिअसला वितळतो, सोडिअम 98 अंशांना आणि सीझिअम अवघ्या 28.5 अंशांना. विदर्भातल्या उन्हाळ्यात सीझिअम सीलबंद काचनळीत द्रवरूपच दिसेल. सर्वांत खाली असलेला फ्रान्सिअम किरणोत्सारी आहे. त्याच्या सर्वाधिक टिकणाऱ्या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे 22 मिनिटांचा असल्याने पाण्यात टाकून पाहण्याइतका फ्रान्सिअम कुणाकडेच नसतो.

हॅलोजनमध्ये क्रम उलटा का?

इथे इलेक्ट्रॉन सोडायचा नसून दुसऱ्याचा ओढायचा असतो. अणू जितका लहान, तितका बाहेरून येणारा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ येतो आणि ओढ वाढते. म्हणून सर्वांत वरचा फ्लोरीन सर्वाधिक क्रियाशील. तो मूलद्रव्याच्या रूपात वेगळा काढायला 1886 साल उजाडावे लागले. हे काम करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां यांना 1906 मध्ये नोबेल मिळाले.

फ्लोरीन आणि क्लोरीन हे वायू, ब्रोमीन तांबूस-तपकिरी द्रव, तर आयोडीन काळपट जांभळा स्थायू. वरचा हॅलोजन खालच्याला त्याच्या संयुगातून हुसकावून लावतो. कच्छमध्ये मीठ काढल्यावर उरणाऱ्या खाऱ्या पाण्यात क्लोरीन सोडून ब्रोमीन मिळवला जातो, तो याच गुणधर्मामुळे.

मग मीठ निरुपद्रवी कसे?

मिठात हा व्यवहार आधीच पूर्ण झालेला असतो. सोडिअमने इलेक्ट्रॉन दिलेला, क्लोरीनने घेतलेला. उरतात ते शांत झालेले आयन. आयोडीनयुक्त मिठातही सुटा आयोडीन नसतो. भारतात तो प्रामुख्याने पोटॅशिअम आयोडेट या संयुगाच्या रूपात मिसळतात.

बाथरूममध्ये काय बिघडते?

घरगुती ब्लीचमध्ये सोडिअम हायपोक्लोराइट असते. अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. दोन्ही एकत्र आले की संयुगात बांधलेला क्लोरीन वायू होऊन सुटतो. सुटा क्लोरीन पुन्हा इलेक्ट्रॉनच्या शोधात असतो. या वेळी समोर असतात डोळे, घसा आणि फुप्फुसे. तिथल्या ओलाव्यात तो आम्ले तयार करतो आणि नाजूक अस्तर भाजून काढतो. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो खालीच साचतो. त्यामुळे वाकून फरशी घासणाऱ्याला आणि लहान मुलांना धोका जास्त. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडला, तो हाच वायू.

पाणी शुद्ध करण्यासाठी वापरली जाणारी टीसीएल पावडरही याच जातीची आहे. तिच्यातल्या क्लोरीनची इलेक्ट्रॉन हिसकावण्याची क्षमताच जंतूंना मारते. पाण्यातले प्रमाण अत्यल्प असते म्हणून ते पिता येते. मात्र त्या पावडरीवर ॲसिड पडले तरी क्लोरीन वायू सुटतो.

काय काळजी घ्यावी?

- ब्लीच किंवा टीसीएल पावडर ॲसिड, टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर वा लिंबाच्या रसात मिसळू नये.
- अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. त्यातून क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात.
- एका वेळी एकच क्लीनर वापरावा, दार-खिडकी उघडी ठेवावी.
- उग्र वास येताच सगळे सोडून मोकळ्या हवेत जावे. बादली उचलायला किंवा पाणी ओतायला परत आत जाऊ नये.
- डोळे जळजळत असतील तर स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावेत.
- धाप लागली, छाती आवळल्यासारखी वाटली तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फुप्फुसांचा त्रास काही तासांनंतरही वाढू शकतो. त्यामुळे खोकला थांबला म्हणून दुर्लक्ष करू नये.