थिबा राजवाडा: राजासाठी बांधलेली देखणी कैद

हट्टा-वसमत भागातून कोकणच्या सहलीला निघाले की गणपतीपुळ्याच्या जोडीने रत्नागिरीचा थिबा राजवाडाही यादीत असतो. बस थांबते, फोटो निघतात, अर्ध्या तासात सगळे पुन्हा गाडीत. पण ही वास्तू कुणाच्या वैभवासाठी बांधलेली नाही. पदच्युत राजाला मायदेशापासून दूर, पहाऱ्यात ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी ती उभारली. एवढे माहीत असेल तर तिथली प्रत्येक खिडकी वेगळी दिसते.

ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत का?

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिश फौजांनी राजधानी मंडाले घेतली आणि थिबा, राणी सुपयालत व दोन लहान मुलींना बोटीत बसवले. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तिसरी मुलगी मद्रासला जन्मली, चौथी रत्नागिरीत. त्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद व्हायचा. राजाला समर्थकांपासून तोडायला याहून सोयीची जागा कुठली?

गंमत अशी, की यापूर्वी १८५८ मध्ये दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला ब्रिटिशांनी रंगूनला धाडले होते. इथला राजा तिकडे, तिथला इकडे!

वाडा इतक्या उशिरा का?

सुरुवातीची जवळपास २४ वर्षे हे कुटुंब बंगल्यांमध्ये राहिले. तुटपुंज्या तनख्यात भागेना, म्हणून सोबत आणलेले दागिने विकावे लागले. राजाच्या तक्रारी, अर्ज चालूच होते. अखेर वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. तिथे थिबाला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

आत काय पाहाल?

जांभ्या दगडाचे लालसर बांधकाम, उतरती छपरे, अर्धगोल कमानीच्या लाकडी खिडक्या आणि त्यांतली रंगीत काच. दुपारनंतर ऊन तिरपे झाले की काचेचे रंग फरशीवर उतरतात, त्यामुळे सकाळच्या घाईपेक्षा ही वेळ बरी. वाडा राज्य पुरातत्त्व विभागाकडे असून आत संग्रहालय आहे. सोमवारी बंद असते, सहल आखताना लक्षात ठेवा.

आवारातून चालत मागच्या बाजूला जा. वाडा उंचावर आहे. इथून भाट्येची खाडी आणि पलीकडे अरबी समुद्र दिसतो. गच्चीतून येणारी-जाणारी जहाजे थिबा दुर्बिणीतून पाहत बसे, असे सांगतात. जवळच्या थिबा पॉइंटवर संध्याकाळी गर्दी होते ती सूर्यास्तासाठी.

मग ही वास्तू टिकली कशी?

मुख्य कारण साधे आहे: ती रिकामी पडली नाही. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतल्यावर सरकारने वाडा वापरात ठेवला. एके काळी इथे तंत्रनिकेतनही भरत असे. आपल्याकडच्या कितीतरी गढ्यांचे उलट झाले. माणसे उठून गेली, बुरूज ढासळले आणि गढीची पांढरी माती गावकऱ्यांच्या धाब्यांवर गेली.

तरीही कोकणात जुनी वास्तू जपणे सोपे नाही. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि श्वासही घेतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आत कोंडते आणि दगड आतून भुसभुशीत होतो. म्हणून अशा डागडुजीत चुन्याचाच आग्रह धरला जातो. छप्पर आणि पन्हळी तर दर पावसाळ्याआधी तपासाव्याच लागतात. एक कौल सरकले की खालचे लाकूड कुजायला लागते.

मागे कोण राहिले?

थोरल्या राजकन्येचे मन वाड्याचे पहारेकरी गोपाळ सावंत यांच्यावर जडले. कुटुंबासोबत ती मायदेशी गेली, पण रत्नागिरीला परतली आणि गरिबीत जगली. तिची मुलगी टुटू इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार केला.

थिबाची समाधी शहरातच, शिवाजीनगर भागात आहे. बहुतेक सहली तिथे जातच नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन मात्र मुद्दाम रत्नागिरीला आले आणि या समाधीपुढे नतमस्तक झाले. राजाला जाऊन तेव्हा ९६ वर्षे झाली होती.